घरच्या प्रिंटरवर फोटोचे रंग जसेच्या तसे कसे आणायचे?

सांजवात

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. गेल्या दिवाळीत तिचा एक फोटो फार छान आला. अंगणात सकाळच्या उन्हात उभी आहे, अंगावर येवल्याहून घेतलेली वांगी रंगाची पैठणी, काठ हिरवा. तो ८ × १० इंचात घरीच छापून, फ्रेम करून तिला द्यायचा आहे. त्यासाठीच सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर घेतला.

आतापर्यंत १४ कागद वाया गेले. लॅपटॉपवर फोटो हवा तसा दिसतो. कागदावर मात्र आईचा चेहरा तापल्यासारखा लाल, पैठणी वांगी सोडून राणी रंगाकडे झुकलेली आणि हिरवा काठ मेलेला, मातकट. वर सगळा फोटो काळोखा. फोटोशॉपमध्ये लाल कमी करून पाहिला, तर चेहरा जरा सुधारला, पण पांढऱ्या भिंतीवर हिरवट झाक आली. आता नेमकं काय बदलावं तेच कळेनासं झालंय. शाई कंपनीची आहे, कागद २६० जीएसएमचा ग्लॉसी, प्रिंटरच्या कंपनीचाच. कुणी नीट मार्ग दाखवाल का?

करवीरकर

ताई, आधी फोटोशॉप बंद करा आणि फोटोला हात लावणं थांबवा. आमच्या स्टुडिओत नवीन मुलगा आला की पहिले चार दिवस हेच सांगावं लागतं. प्रिंट लाल आली म्हणून फोटोतला लाल कमी करायचा नाही. दोष फोटोत नसेल तर तुम्ही चांगला फोटो बिघडवताय.

साध्या कागदावर नोझल चेक काढा, म्हणजे शाईची बारीक छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारं पान. सहाही रंगांच्या रेषा अखंड हव्यात. फिक्कट सायनची (हिरवट निळ्या शाईची) नोझल बंद असेल तर पहिला फटका चेहऱ्याला बसतो, कारण त्वचेच्या उजळ छटांमधला लालपणा तोच आवरून धरतो. रेषा तुटक दिसल्या तर एकदा हेड क्लीनिंग (ती छिद्रं साफ करणं), परत चेक. लागोपाठ चार-पाच वेळा क्लीनिंग मारू नका, शाई वाया जाते आणि ती शोषणारं वेस्ट पॅड भरतं.

निळीशाई

करवीरकर दादांशी सहमत. नोझल ठीक असतील तर पुढचं करा. नेटवर रंगचाचणीसाठी तयार केलेल्या प्रतिमा मिळतात. त्यात माणसांचे चेहरे, फळं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्या रंगाची पट्टी असं सगळं असतं. त्यातली एक उतरवून घ्या आणि काहीही न बदलता छापा.

ती प्रतिमा नीट छापली गेली, तर प्रिंटर बरोबर आहे आणि घोळ तुमच्या स्क्रीनमध्ये किंवा फोटोवर केलेल्या कामात आहे. तीसुद्धा लालच आली, तर घोळ छपाईच्या सेटिंगमध्ये आहे. एका कागदात निम्मा प्रश्न सुटतो. मी हे शिकण्याआधी किती कागद घालवले त्याचा हिशोब नाही.

आणि प्रिंट करताना खिडकीत काय काय निवडता ते जसंच्या तसं इथे लिहा. फोटोशॉपच्या खिडकीतलंही आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलंही, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीतलं.

सांजवात

दोन्ही केलं. नोझलच्या सगळ्या रेषा अखंड आहेत. चाचणीची प्रतिमा मात्र लालच आली. करडी पट्टी तर गुलाबीसर दिसतेय.

सेटिंग असं आहे: फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’, त्याखाली प्रोफाइल म्हणून प्रिंटरसोबत आलेलं ग्लॉसी कागदाचं. ड्रायव्हरमध्ये कागद ग्लॉसी, क्वालिटी हाय, आणि रंगाच्या जागी ‘ऑटोमॅटिक’. ते मी कधी बदललेलंच नाही.

निळीशाई

सापडलं. तुमचे रंग दोनदा बदलले जातायत.

जरा सविस्तर लिहिते, कारण हे एकदा समजलं की पुढचं सोपं आहे. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. त्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे फाइलला जोडलेलं प्रोफाइल सांगतं. बहुतेक फोटो एसआरजीबी नावाच्या प्रोफाइलमध्ये असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली ते पुढे आणलं आणि अजून तेच चालतं. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी हे दुसरं प्रोफाइल निवडलं असेल तर तेच आकडे जास्त भडक रंग सांगतात. प्रिंटरचं प्रोफाइल याच्या उलट बाजूचं काम करतं: हा प्रिंटर, ही शाई आणि हा कागद असताना अमुक रंग हवा असेल तर प्रिंटरला कोणते आकडे पाठवायचे, ते त्यात लिहिलेलं असतं.

तुम्ही फोटोशॉपला ग्लॉसीचं प्रोफाइल दिलंत. त्याने आकडे प्रिंटरच्या भाषेत बरोबर बदलले. मग ते ड्रायव्हरकडे गेले. ड्रायव्हर ‘ऑटोमॅटिक’वर असल्यामुळे त्याला वाटलं हा साधा एसआरजीबी फोटो आहे, आणि त्याने पुन्हा एकदा बदलले. आमटीत सासूने मीठ घातलं आणि सुनेनेही घातलं, असं झालं. दोघींचंही प्रमाण बरोबर होतं, आमटी मात्र खारट. अशा प्रिंटवर हमखास किरमिजी झाक येते. म्हणून तुमचा चेहरा लाल, वांगी रंग राणीकडे आणि हिरवा काठ मेलेला. किरमिजी चढला की हिरवा मरतोच.

तेव्हा रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्या. फोटोशॉपकडे दिलंत तर ड्रायव्हरमधलं बंद करा. एप्सनच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये ‘मोअर ऑप्शन्स’खाली कलर करेक्शन ‘कस्टम’ करून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’. कॅननमध्ये कलर/इंटेन्सिटी ‘मॅन्युअल’ करून ‘मॅचिंग’च्या टॅबमध्ये ‘नन’. कागदाचा प्रकार मात्र ड्रायव्हरमध्ये बरोबरच ठेवायचा. शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं, आणि प्रोफाइलही तोच प्रकार धरून केलेलं असतं.

तिफण

मॅकवाल्यांसाठी भर घालतो. तिथे फोटोशॉपकडे रंग सोपवले की ड्रायव्हरमधला ‘कलर मॅचिंग’चा भाग आपोआप करडा होतो, हात लावता येत नाही. म्हणून मॅकवर हा घोळ कमी होतो. विंडोजवर ड्रायव्हर बंद करायचं आपल्याच लक्षात ठेवावं लागतं.

वाळवण

मी जरा वेगळं मत मांडतो. माझ्याकडे चार रंगांचा साधा इंक टँक आहे. मी सगळं प्रिंटरवरच सोडतो, ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’. घरच्या अल्बमला ४ × ६ चे फोटो चांगले येतात. प्रोफाइल वगैरेच्या मागे लागायची प्रत्येकाला गरज आहे का? नाहीतर लॅबमध्ये द्यावेत, स्वस्तही पडतात.

निळीशाई

वाळवण, तुमची पद्धत चूक नाही. काम एकाकडेच आहे ना, मग झालं. प्रिंटरच्या कंपनीचाच कागद आणि शाई असेल तर ड्रायव्हर बऱ्यापैकी सांभाळून घेतो. पण छापण्याआधी प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवर बघता येत नाही, आणि बाहेरचा कागद वापरला की ड्रायव्हरचा अंदाज चुकतो. ताईंना एका ठराविक साडीचा ठराविक रंग हवाय, म्हणून त्यांना प्रोफाइलचा रस्ता सांगितला.

करवीरकर

लॅबबद्दल मी सांगतो. लॅबला फाइल देताना एसआरजीबीत करूनच द्या, अ‍ॅडोबी आरजीबीतली दिली आणि तिथे कुणी बघितलं नाही तर फोटो फिक्का येतो. पण तुमची स्क्रीन चुकीची असेल तर लॅबमधूनही फोटो काळोखाच येणार. आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन भांडतात, मोबाइलवर चकचकीत दिसत होता म्हणून. मोबाइल फुल ब्राइटनेसवर असतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

सांजवात

निळीशाई ताई, किती आभार मानू! ड्रायव्हरमधलं बंद केलं आणि पहिल्याच कागदावर लाली गेली. करडी पट्टी करडी आली. काठ हिरवा दिसला, तेव्हा मी खरंच ओरडले.

पण फोटो अजून काळोखा आहे. पदरावरचे मोर लॅपटॉपवर स्पष्ट दिसतात, कागदावर अंधारात बुडलेत. करवीरकर काकांनी ब्राइटनेसचं म्हटलंय, त्याचाच हा प्रकार का?

करवीरकर

त्याचाच. लॅपटॉपचा ब्राइटनेस किती ठेवलाय? छपाईच्या कामाला स्क्रीन ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या उजेडाचं माप) इतकी मंद हवी. फुल ठेवलेली स्क्रीन त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जाते. उजळ स्क्रीनवर काम करताना फोटो पुरेसा उजळ वाटतो, म्हणून आपण तो मुळातच काळोखा ठेवतो.

मापायचं यंत्र नसेल तर घरगुती उपाय आहे. ज्या खोलीत, ज्या उजेडात प्रिंट बघणार तिथेच बसा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. शेजारी छपाईचा कोरा कागद धरा, त्यावर दिवसाचा उजेड पडू द्या. आता ब्राइटनेस कमी करत करत जा, स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा साधारण सारखे वाटेपर्यंत. पहिल्यांदा स्क्रीन फार मंद वाटेल. दहा मिनिटांत डोळा सरावतो.

रात्रीचा पिवळा प्रकाश करणारी नाइट लाइटची सोय बंद करा, आणि आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस आपोआप बदलणारी सोयही बंद करा. नाहीतर सगळी मेहनत फुकट.

निळीशाई

आणि पुढेमागे जमलं तर स्क्रीन कॅलिब्रेट करायचं, म्हणजे तिचे रंग बरोबर बसवायचं यंत्र घ्या. स्पायडर किंवा कॅलिब्राइट ही नावं तुम्हाला दिसतील. यंत्र स्क्रीनवर लटकवायचं, ते रंग मोजून तुमच्या स्क्रीनचं प्रोफाइल करून देतं. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घेतलं तरी चालतं, ते रोज लागत नाही. मी महिन्यातून एकदा लावते.

एक लक्षात ठेवा, स्क्रीन मोजणाऱ्या साध्या यंत्राने कागद मोजता येत नाही. कागदावरचे ठिपके मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, त्याची किंमत बरीच जास्त आहे.

तिफण

कागद मोजण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी बाजारातला स्वस्त ग्लॉसी कागद आणि वेगळ्या कंपनीची शाई वापरतो. प्रिंटरसोबत आलेलं प्रोफाइल माझ्या काही कामाचं नाही, कारण ते त्यांच्या शाई-कागदावर बनवलंय. म्हणून मी स्वतः बनवलं.

आर्गिल सीएमएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ग्रेम गिल यांनी लिहिलेलं. ते रंगीत चौकटींचा तक्ता तयार करून देतं. तो रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून छापायचा. फोटोशॉपमधून अशी छपाई आता थेट होत नाही, त्यासाठी अ‍ॅडोबीचं वेगळं मोफत कलर प्रिंटर युटिलिटी आहे. मग तक्ता रात्रभर वाळू द्यायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने चौकट न चौकट मोजायची. मी ते यंत्र दोन दिवसांसाठी मित्राकडून आणलं होतं. आर्गिल त्या मापांवरून आपल्या शाई-कागदाचं प्रोफाइल बनवतं.

पहिल्या खेपेला मी तक्ता छापल्या छापल्या मोजला. प्रोफाइल विचित्र आलं, सावलीच्या जागा हिरवट. दुसऱ्या खेपेला रात्रभर वाळवला आणि मग फरक दिसला. शाई वाळताना रंग सरकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आता साधी प्रिंटसुद्धा निदान अर्धा तास वाळल्याशिवाय बरी-वाईट ठरवत नाही.

ओली_माती

रत्नागिरीकडची माझी भर. पावसाळ्यात आमच्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की प्रिंट अर्ध्या तासात वाळत नाही, हाताला चिकट लागते. कागदाचं पाकीट एकदा फोडलं की परत बंद करून डब्यात ठेवावं लागतं. उघडा राहिलेला कागद ओल धरतो, कडेने वाकतो आणि त्यावर शाई पसरते. मागच्या श्रावणात मी याला रंगाचा दोष समजून सेटिंग बदलत बसले होते. नवीन पाकीट फोडलं आणि जुन्याच सेटिंगवर प्रिंट चांगली आली.

सांजवात

करवीरकर काका, ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आला! कागदाशेजारी धरल्यावर कळलं मी किती उजळ स्क्रीनवर बघत होते. त्या स्क्रीनवर फोटो उघडला तर कागदासारखाच काळोखा दिसला. म्हणजे दोष फोटोतच होता, मला दिसत नव्हता. सावल्या थोड्या उजळ केल्या, पुन्हा छापला. मोर दिसायला लागले.

आता राहिली पैठणी. रंग वांगीच आहे, पण उन्हातल्या निऱ्यांवर कागदावर सगळं सपाट झालंय. स्क्रीनवर प्रत्येक निरीची कड वेगळी दिसते, कागदावर एकसलग जांभळा पट्टा. आणि दुसरी गोष्ट, काल रात्री हॉलमध्ये प्रिंट बघितली तर रंग वेगळा वाटला, आज सकाळी खिडकीपाशी बरोबर. मी सेटिंगला हातही लावला नव्हता.

निळीशाई

दोन्ही वेगवेगळे प्रश्न आहेत. आधी निऱ्यांचं.

तुमच्या शाईला आणि कागदाला मिळून जेवढे रंग दाखवता येतात, तेवढाच त्यांचा आवाका. स्क्रीनवरचा उजळ जांभळा त्या आवाक्याबाहेर असतो. झेंडूचा भगवा, बोगनवेलीचा गुलाबी यांचंही असंच होतं. आवाक्याबाहेरच्या रंगाचं काय करायचं हे रेंडरिंग इंटेंट नावाच्या सेटिंगवर ठरतं. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आवाक्यातले रंग तसेच ठेवतं आणि बाहेरचे ओढून काठावर आणून ठेवतं. निऱ्यांच्या पाच-सहा छटा होत्या, त्या सगळ्या एकाच काठावर येऊन बसल्या, म्हणून पट्टा. ‘पर्सेप्च्युअल’ सगळेच रंग थोडे थोडे आत सरकवतं. रंग किंचित उतरतो, पण छटांमधलं अंतर टिकतं.

छापण्याआधी बघून घ्या. फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूत ‘प्रूफ सेटअप’, त्यात ‘कस्टम’, तिथे तुमचं ग्लॉसीचं प्रोफाइल निवडा आणि दोन्ही इंटेंट आलटून पालटून बघा. ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’वर खूण असू द्या, त्याने काळोख्या जागांमधला तपशील टिकतो. नंतर कंट्रोल-वाय दाबून हे चालू-बंद करता येतं, आणि शिफ्ट-कंट्रोल-वाय दाबलं की आवाक्याबाहेरची जागा करडी होऊन दिसते. तुमच्या निऱ्या करड्या होतील. तेवढ्याच भागात जांभळ्याचा भडकपणा (सॅच्युरेशन) थोडा उतरवा, पूर्ण फोटोत नको. आणि हे काम फोटोच्या प्रतीवर करा, मूळ फाइलवर नको.

करवीरकर

रात्री-सकाळचा फरक दिव्याचा आहे. प्रोफाइल बनवताना प्रिंट ५००० केल्विनच्या (उजेड किती पिवळा की निळसर, त्याचं माप) उजेडात बघणार असं धरलेलं असतं. आपल्या हॉलमध्ये ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी असतो किंवा ३००० च्या आसपासचा पिवळा. वर स्वस्त दिव्यात सगळे रंग सारखे उमटत नाहीत. प्रिंटमधला जांभळा शाया मिसळून झालेला, साडीतला रेशमाच्या रंगाचा. उन्हात दोन्ही जुळले तरी दिव्याखाली जुळतीलच असं नाही. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला एखादा दिवा आणा आणि नेहमी त्याच्याखालीच प्रिंट तपासा. नाहीतर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खिडकीपाशी तपासा, थेट ऊन नको.

आणि फ्रेम घरात कुठे लागणार ते आधीच ठरवा. शेवटची प्रिंट त्या जागी धरून बघा.

तिफण

पैठणीच्या बाबतीत अजून एक. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल, म्हणजे धूपछाव असेल, तर साडीचा रंग कोनाप्रमाणे बदलतोच. कॅमेऱ्याने त्यातला एकच कोन पकडलाय. तेव्हा साडी शेजारी धरून जुळवणार असाल तर फोटोत ऊन ज्या बाजूने आलंय त्याच बाजूने साडीवर येऊ द्या.

सांजवात

मंडळी, जमलं!

‘पर्सेप्च्युअल’वर निऱ्या उलगडल्या. जांभळ्याचा भडकपणा फक्त उजव्या बाजूच्या तीन निऱ्यांवर उतरवला. रात्री छापून कपाटावर वाळत ठेवलं. आई गावाला मावशीकडे गेली आहे, म्हणून सकाळी तिच्या कपाटातून पैठणी काढली, खिडकीपाशी पलंगावर पसरली आणि प्रिंट निऱ्यांना लावून धरली. साडी धूपछावच निघाली, तिफण म्हणाले तशी. उभी धरली तर निळसर, तिरपी केली की वांगी. तिरपी करून बघितली तेव्हा प्रिंटमधली कड आणि कापडाची कड एकमेकांत मिसळली. जरीचा सोनेरी मात्र कागदावर पिवळाच दिसतो, त्यात चमक नाही. ते बहुधा कागदावर होणारच नाही, असं समजून सोडून दिलं.

चेहरा तर इतका तिचा वाटतोय, की कपाळावरची बारीक जखमेची खूणसुद्धा दिसते. आधीच्या सगळ्या लाल प्रिंटमध्ये ती गायब होती.

माझं शेवटचं सेटिंग वहीत उतरवून ठेवलंय, इथेही देते. फाइल अ‍ॅडोबी आरजीबी, फोटोशॉपकडे रंग, प्रोफाइल कंपनीच्या ग्लॉसीचं, पर्सेप्च्युअल, ब्लॅक पॉइंटवर खूण, ड्रायव्हरमध्ये रंग बंद, कागद ग्लॉसी, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके). एकूण कागद २१. भावासाठी अजून एक प्रत काढायची आहे. तीही याच पाकिटातल्या कागदावर काढते.

करवीरकर

ताई, वाचून फार बरं वाटलं. फ्रेमवाल्याला सांगा, फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) टाक. ग्लॉसी प्रिंट काचेला टेकली की ओलीने चिकटते, मग सुटत नाही. प्रिंट पूर्ण दोन दिवस वाळल्याशिवाय त्याच्याकडे देऊ नका, आणि समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल ती भिंत टाळा. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उन्हाने उतरते, आणि कपाळावरची ती खूण सगळ्यात आधी जाईल.